कंटाळ्याची तोंडी परीक्षा

‘कामाचा कंटाळा आला तर काय कराल?’ असं विचारलं की आजचा उमेदवार घोकलेलं उत्तर देतो: कंटाळा येतच नाही, मी सतत नवं शिकत असतो. एर्मान्नो ओल्मीच्या ‘इल पोस्तो’ (१९६१) या इटालियन चित्रपटातल्या दोमेनिकोला एवढी हुशारी नाही. मिलानजवळच्या मेदा गावचा हा पोरसवदा मुलगा मोठ्या कंपनीत नोकरी मागायला आला आहे. आधी गणित, मग उठाबशा, मग मनाची तपासणी. पुढचं आयुष्य अंधारं वाटतं का? दुःख विसरायला दारू पिता का? मुलींची किळस येते का? काम काय करायचं आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

दोमेनिकोचं काम करणारा सांद्रो पान्सेरी हा काही व्यावसायिक नट नव्हे. म्हणूनच त्याच्या ‘नाही’त भाबडेपणा आहे; हे आपल्याला का विचारताहेत, तेच त्याला उमगलेलं नसतं. ओल्मी इथे हशा वसूल करत नाही. त्याने स्वतः एडिसन-व्होल्टा कंपनीत नोकरी केली होती, तिच्यासाठी माहितीपट काढले होते. कचेरीचा त्याला राग नाही, ती त्याला पाठ आहे. त्यामुळे चित्रपटात खलनायकही नाही.

कारकुनाची जागा रिकामी नसते, म्हणून दोमेनिकोला शिपाई करतात. टेबलाशी बसायचं, कुणी बोलावलं तर उठायचं. तपासणीत न विचारलेल्या कंटाळ्याची शिकवणी इथे सुरू होते.

मला सर्वांत आवडतो तो मधला भाग. कॅमेरा दोमेनिकोला सोडून कारकुनांमागे जातो. एक जण कात्रीने सिगारेटी अर्ध्या कापतो, एक जण कागदाचे बोळे फेकतो. एक अधू नजरेचा कारकून रात्री खोलीवर चोरून कादंबरी लिहितो. त्याची खरी उमेद त्या कागदांत आहे, आणि ती कंपनीच्या कुठल्याही फॉर्मात मावत नाही.

तो मरतो. त्याच्या सामानात हस्तलिखित सापडतं. रिकामं झालेलं पुढचं टेबल दोमेनिकोला मिळतं न मिळतं, तोच मागून एक जुना कारकून तक्रार करतो: मी वीस वर्षं वाट पाहतोय! मग सगळे आपापली चीजवस्तू उचलून एकेक टेबल पुढे सरकतात. इतका वेळ त्या खोलीत कुठेच न दिसलेली लगबग इथे पहिल्यांदा दिसते. दोमेनिकोच्या वाट्याला अर्थातच सगळ्यात मागचं टेबल.