फिल्म दिसते, पण ऐकू येत नाही

विद्यार्थ्यांच्या डॉक्युमेंटरी मी बऱ्याच पाहतो. त्यांतला एक नमुना तुम्हीही पाहिला असेल. कचरा वेचणाऱ्या एका बाईंची मुलाखत. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्यात. चेहरा काळा पडलाय, बाहेरचं झाड मात्र लख्ख दिसतंय. डोक्यावर पंखा घरघरतोय. आवाज घेतलाय कॅमेऱ्यावरच्याच माइकने, दहा फुटांवरून. आणि हे सगळं झाकायला खालून बासरी सोडलीय! म्हणजे बघा, ज्या बाईंचं कुणी ऐकत नाही म्हणून फिल्म काढली, त्यांचं फिल्ममध्येही ऐकू येत नाही. याला नुसती तांत्रिक चूक म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. त्या बाईंनी कामाचा वेळ मोडून तुम्हाला तासभर दिलाय.

मुलांचं उत्तर ठरलेलं असतं: सर, बजेट नव्हतं. पण कॅमेरा तर भाड्याने आणलेला असतो, दोन-दोन लेन्सेससकट. पैसा संपतो तिथे.

खरा प्रश्न पैशांचा नाहीच, अंतराचा आहे. दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. आवाजाचंही तेच, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पंख्याची घरघर मात्र खोलीभर जवळपास तेवढीच राहते. म्हणून दहा फुटांवरचा महागडा माइक वीतभर अंतरावरच्या साध्या कॉलर माइकपुढे हरतो. तोही नसेल, तर दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावा आणि फ्रेमच्या जरा बाहेर, बाईंच्या जवळ ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला आवाज आणि चित्र जुळवता येतं. आणि पंखा बंद करा हो! उत्तर संपलं की लावा परत.

प्रकाशाबद्दल वेगळाच गैरसमज आहे. लायटिंग म्हणजे जास्त लाइट्स, असं मुलांना वाटतं. सुब्रत मित्र यांचं काम बघा. 'अपराजितो' १९५६चा. त्यातलं बनारसचं घर हा कलकत्त्यात स्टुडिओत उभारलेला सेट होता. त्या घराच्या चौकात वरून आकाशाचा मऊ उजेड येतो, तसा तो यायला हवा होता. मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे थेट माणसांवर न मारता त्या कापडावर मारले. परतून आलेला उजेड खाली पसरला. म्हणजे त्यांनी आधी विचार केला, की या घरात उजेड येतो कुठून? आमच्या फिल्ममध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बाईंची खुर्ची फिरवून खिडकी बाजूला घेतली असती आणि दुसऱ्या गालाकडे थर्माकोलचा एक पांढरा बोर्ड धरला असता, तर चेहरा दिसला असता. थर्माकोल स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात, तेही एकदा सांगून टाकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात.

आता बासरी. संगीताला माझा विरोध नाही. पण खराब आवाजावर पांघरूण म्हणून ते घातलं, की बोलणं आणखीच बुडतं. त्यापेक्षा निघताना त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली भोकं त्यानेच बुजतात. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, बाईंनीसुद्धा. त्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी हसतंच. मग परत घ्यायचं.