२००५ ची रेघ

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानात मागच्या भिंतीवर तेलरंगाने ओढलेली एक आडवी रेघ होती. तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात '२६-७-०५' असे लिहिलेले. गावात अशा रेघा पुष्कळ. कुठे जिन्याच्या कठड्यावर, कुठे देवघराच्या चौकटीवर. नवा भाडेकरू आला की त्याला आधी रेघ दाखवायची, मग विजेचा मीटर.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेना. आषाढी एकादशी नुकतीच झाली होती, त्याच दिवशी बकरी ईद होती, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेतून बाजार जेमतेम सावरत होता. पहाटे पाणी रस्त्यावर आले तेव्हा मी आणि भाच्याने वह्यांचे गठ्ठे, कागदाची रिमे, सगळे रेघेच्या वर हातभर उंचावर रचले. काम चोख झाले म्हणून माळ्यावर जाऊन चहा केला. दुपारी पाणी रेघेवर चढले आणि तिथे थांबले नाही. कागद भिजला की फुगतो. फुगलेल्या रिमांनी फळ्या उचकटल्या आणि सगळा माल एकदम खाली आला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

या अनुभवानंतर संकटात माणसे आणि संस्था कशा वागतात यावर जे हाती लागेल ते वाचत गेलो. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेले. त्यात कार्ल वाइक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९९३ मधल्या एका निबंधाचा उल्लेख जिथे तिथे येतो. त्या निबंधाविषयी, आणि तो चिपळूणला कुठे पुरतो व कुठे अपुरा पडतो याविषयी मला लिहायचे आहे.

निबंधाचा विषय मोंटाना राज्यातल्या मान गल्च या घळीतला वणवा. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे विमानातून उतरलेले वणवाशामक आगीत सापडले आणि १३ जण मेले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज याने पळता पळता पुढचे गवत स्वतःच पेटवले, जळून झालेल्या राखेत पालथा पडला आणि सहकाऱ्यांना हाका मारल्या. कोणी आले नाही. आग विझवायला आलेला माणूस आग लावतो आहे, हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्याआधी त्याने अवजारे टाकून द्या म्हणून सांगितले होते, तेही काहींना जमले नाही. नॉर्मन मॅक्लीन यांनी या घटनेवर पुस्तक लिहिले होते. त्याच्या आधारे वाइक म्हणतात की माणसे घाबरली म्हणून तुकडी फुटली असे नाही. आधी तुकडी फुटली, कोण कोणाचे ऐकणार ही घडी विस्कटली, आणि मग भीतीने ताबा घेतला.

हे निरीक्षण खरे आहे, आणि २२ जुलैला मी ते माळ्यावरून पाहिले. वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि त्याबरोबर पदे गेली. आपत्ती व्यवस्थापन कायदा आपल्याकडे २००५ च्या डिसेंबरात झाला. त्यानुसार जिल्ह्याचे आराखडे निघतात आणि त्यांत दूरध्वनी क्रमांकांच्या लांबलचक याद्या असतात. ज्या दिवशी फोन लागत नाही त्या दिवशी अशी यादी म्हणजे नुसती नावे. आमच्या गल्लीत त्या दिवशी हुकूम चालला तो एका रिक्षावाल्याचा, कारण त्याच्याकडे दोर आणि टायरच्या दोन ट्यूब होत्या. वाइक ज्याला हाताशी असेल त्यातून काम भागवणे म्हणतात ते हेच. इथपर्यंत त्यांचे बोट धरून चालता येते.

पण आमचा माल का बुडाला याचे उत्तर त्यांच्या मुख्य सिद्धांतात नाही. आमच्या डोक्यात गोंधळ नव्हताच. उलट काय करायचे ते इतके पक्के ठाऊक होते की कोणी विचारले असते तर आम्ही शिकवले असते. १६ वर्षे जुनी रेघ आम्हाला सांगत होती आणि आम्ही तिचे ऐकले. गंमत अशी की या गोष्टीचे बीज वाइक यांच्याच निबंधात आहे. त्या तुकडीला वरून सांगितले गेले होते की ही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात येणारी आहे. ज्वाळा वेगळे सांगत असतानाही ती माणसे दहाच्या आगीवर विश्वास ठेवून राहिली. वाइक हे नोंदवतात, पण निबंधाचा सगळा भर पुढे तुकडी विस्कटण्यावर जातो. मला विचाराल तर त्यांनी तिथेच थांबायला हवे होते. दहाची आग आणि २००५ ची रेघ ही सख्खी भावंडे आहेत.

याच दिवशी, याच नदीवर, एका संस्थेने अगदी निराळे वर्तन केले. कोकण रेल्वेने वाशिष्ठीच्या पुलावर, चिपळूण आणि कामथे या स्थानकांच्या दरम्यान, पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा बसवलेली आहे. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की गाड्या थांबतात. त्या दिवशी तशा त्या थांबल्या आणि हजारो प्रवासी वाटेत अडकले. त्यांनी शिव्या घातल्या असतील, पण पुलावर गाडी नव्हती. रेल्वेच्या भिंतीवरही एक रेघच आहे. फरक इतकाच की आमची रेघ पाणी कुठवर येईल ते सांगत होती, आणि त्यांची रेघ पाणी आल्यावर काय करायचे ते. भाकीत आणि नियम यांतला हा फरक मला कोणत्याही पुस्तकात इतका स्वच्छ दिसला नाही.

वाइक यांच्यावर माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यांच्या लेखनात अनिश्चितता आभाळातून पडते. वणवा वीज पडून लागलेला, त्यामुळे तिथे ते चालून जाते. वाशिष्ठीचे तसे नाही. कोयना नदी पूर्वेला कृष्णेकडे जाणारी. सुमारे १०५ टीएमसीच्या धरणात अडवून तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीला आणले, तिथून कोळकेवाडी धरणात, आणि वीज करून शेवटी वाशिष्ठीत. म्हणजे आमची नदी स्वतःचे पाणी वाहते आणि दुसऱ्या नदीचेही. खालून दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते. मधे गाळ, बेटे, आणि शिवनदीच्या काठावर आम्हीच केलेली बांधकामे. २०२१ चा पूर पावसाने आला की सोडलेल्या पाण्याने, हा वाद गावात अजून पेटतो. त्याचा निकाल मी इथे लावत नाही. पण पहाटे तीन वाजता वरून किती पाणी येते आहे हे आम्हाला कळत नव्हते, आणि ते मोजणारी माणसे व यंत्रे वर होती. अशा अज्ञानाला निसर्गाची लहर म्हणणे मला मान्य नाही.

तिवऱ्याचे उदाहरण तर याहून उघडे आहे. आमच्याच तालुक्यातले ते धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि २० हून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरले. लोक हसले. मला मात्र त्या वाक्यातली सोय दिसली. खेकडा अर्ज करत नाही, त्याच्यावर चौकशी बसत नाही. ठाऊक असलेली गोष्ट अनपेक्षित ठरवण्याचे काम त्याने फुकट केले.

पुरानंतर डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचे साखळी उपोषण झाले आणि गाळ उपशाचे काम हलले. वर्तमानपत्रांनी चिपळूणकरांची जिद्द म्हणून लेख लिहिले. जिद्द या शब्दाचा मला आता कंटाळा आला आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुस्तकांचा लगदा झाला. तो उपसणाऱ्या हातांना जिद्द होतीच, पण त्यांना हवे होते ते कोरडे कागद आणि उंच जागा.

आणि आता माझा स्वतःचा खोटेपणा. त्याच आंदोलनात दुसरी मागणी पूररेषांविरुद्ध होती, आणि मीही त्या बाजूला बसलो. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. बांधकामावर बंधने येणार, जागेची किंमत जाणार, कर्ज मिळणार नाही, ही भीती खोटी नव्हती. रेषा कार्यालयात बसून आखल्या अशी तक्रार होती. पण घरी येऊन मी हिशेब केला. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या आत तीच ७० टक्क्यांच्या वर. माझे दुकान निळीच्या आत आहे. हे आकडे मी समितीच्या बैठकीत मांडले नाहीत. तिथे ते कोणाला नको होते, आणि खरे सांगायचे तर मलाही नको होते. वडिलांच्या रेघेवर विश्वास ठेवणारा मी, अभियंत्यांच्या रेघेविरुद्ध चटईवर बसलो होतो.

दुकान पुन्हा रंगवले तेव्हा रंगाऱ्याने विचारले, जुनी रेघ ठेवायची का. ठेव म्हटले, आणि वर दुसरी ओढून घेतली, '२२-७-२१'. परवा भाचा नव्या फळ्या मारत होता. टेप लावून त्याने अंतर मोजले, वरच्या रेघेपासून हातभर.