फोटोंची वाकळ

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही लेकी-सुनांनी मिळून त्यांना वाकळ शिवून दिली. सोळा चौकोन, प्रत्येकावर एक फोटो छापलेला. ती उलगडली तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आता दोन थंड्या गेल्या, आणि वाकळ म्हणून ती मला पटलेली नाही. हे लिहिताना भीड वाटते, कारण त्यातले पाच चौकोन मीच जोडलेत.

आधी कापडाचं. दुकानदार म्हणाला, फोटो चांगला उठायला हवा तर पॉलिस्टरच घ्या. त्याचं खरं होतं. कागदावर छापलेली शाई साधारण 200 अंशांच्या उष्णतेनं वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुतात ती टिकत नाही. सुती कापडावर फोटो चिकटवता येतो, पण वर पापुद्रा राहतो, सुई गेली की भोक दिसतं. म्हणून पॉलिस्टर. रंग अजून तसेच आहेत हो, पण ती अंगावरून घसरते, घाम टिपत नाही. शिवाय चेहऱ्यावरून धावदोरा घालायला कुणाचं मन धजेना. टाके फक्त कडेकडेनं पडले. वाकळ उभी असते ती दाट टाक्यांवर. आमची पहिल्याच धुण्यात आतून गोळा झाली.

आणि पाय! पांघरुणाची एक बाजू पायांशी येणारच, याचा विचार आम्हा शिकल्यासवरल्या बायकांपैकी एकीनंही केला नाही. मामंजी नेमके खालच्या ओळीत. त्यांच्या शेजारी 2018 च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला काढलेला फोटो, मागे बाहुबली. सासूबाईंनी तो पाहिला आणि पाय आखडून घेतले.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कौदी मी एकदा हातात घेऊन पाहिली होती. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत टाके घालतात, कोपऱ्यांना चिंध्यांची फुलं लावतात. चित्र एकही नाही. पण हा तुकडा नवऱ्याच्या सदऱ्याचा, हा लेकीच्या झग्याचा, असं बोट ठेवून ती बाई सांगत होती. माणूस कापडातच होतं, वर छापायला नको होतं.

मग आम्ही तरी सासूबाईंच्या साड्या का नाही घेतल्या? तर त्या घरात होत्या कुठे! मधल्या चौकोनात त्या तरुण आहेत, अंगावर डाळिंबी इरकल. अंगाच्या ताण्याला पदराचा वेगळा ताणा फासे घालून जोडलेला असतो, तो जोड फोटोत दिसतो. छपाई तितकी चांगली आहे. ती साडी पंधरा वर्षांपूर्वी मीच बोहारणीला दिली. विरली होती, कपाटात जागा नव्हती. वाकळीला विरलेलं लुगडंच लागतं, हे माझ्या आईला माहीत होतं. साडीच्या बदल्यात आलेला स्टीलचा डबा अजून आहे, त्यात मी शेंगदाणे ठेवते.

पुतणी हल्ली म्हणते, काकू, माझ्यासाठीही फोटोंची करूया. मी म्हटलं, फोटो भिंतीवर लावू, आणि आधी तुझ्या आईच्या घरात नेसायच्या साड्या कुणाला देऊ नकोस.

सासूबाई ती वाकळ रोज पांघरतात, आमचं मन मोडू नये म्हणून. पण उलटी, अस्तराची बाजू वर करून.