मोठ्या मुलीचं नाव काय?

'स्टिल अ‍ॅलिस' (२०१४) या सिनेमातली अ‍ॅलिस हाऊलँड कोलंबिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवते. पन्नाशीतच अल्झायमरचं निदान होतं आणि ती फोनमध्ये स्वतःसाठी प्रश्न लावून ठेवते. मोठ्या मुलीचं नाव काय? कुठल्या रस्त्यावर राहतेस? उत्तरं येईनाशी झाली, की कॉम्प्युटरवरचा एक व्हिडिओ बघायचा. त्यात आजची अ‍ॅलिस उद्याच्या अ‍ॅलिसला आयुष्य संपवायला सांगते. आम्ही कोड बदलला की टेस्ट चालवतो, तसंच हे. फक्त इथे टेस्ट लिहिणारी आणि नापास होणारी बाई एकच.

सिनेमातला सगळ्यांत भेदक भाग हाच. आजाराने अजून फारसं हिरावलेलं नाही, तेव्हाच तिने स्वतःची किंमत ठरवून टाकली आहे: आठवतंय तोवर मी. हुशारीवर आयुष्य उभं केलेल्या माणसाला दुसरं माप सुचत नाही. (आपल्याला तरी कुठे सुचतं? अप्रेझलच्या महिन्यात स्वतःकडे बघा.)

पुढे ती अल्झायमरवरच्या एका कार्यक्रमात भाषण करते. तीच ओळ पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून वाचलेल्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवत जाते. ज्युलियन मूरला ऑस्कर उगाच नाही मिळालं. पण सिनेमा इथे मला थोडा घसरलेला वाटतो. टाळ्या पडतात त्या अ‍ॅलिस पुन्हा हुशार दिसली म्हणून. परीक्षा जुनीच, या वेळी ती पास झाली इतकंच. सहदिग्दर्शक रिचर्ड ग्लॅट्झर स्वतः एएलएसने आजारी होते, आयपॅडवर टाइप करून सूचना देत होते. 'अजून जमतंय' याचं मोल त्यांना ठाऊक असणार, हे मान्य.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये आजार बराच पुढे गेलाय. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिने पाहिलेलीच नाही, त्यामुळे ती गेलेलीही तिला दिसत नाही. मुलगी इरा मात्र आजच्या वडिलांना सतत कालच्या वडिलांशी ताडून बघते. जीव तिचाच जास्त तुटतो आणि परीक्षकही तीच. अर्थात चन्नम्माला हे थोडाच वेळ करायचंय, इराला वर्षानुवर्षं. 'अस्तु' हे लपवत नाही, पण त्यावर पुरेसा थांबतही नाही.

अ‍ॅलिसच्या घरात चन्नम्माच्या जवळ जाणारी एकच, धाकटी लिडिया. आईशी सगळ्यांत जास्त खटके तिचेच उडालेले. ती एकदा सरळ विचारते, तुला नेमकं कसं वाटतं गं? या प्रश्नाला बरोबर उत्तर असं नाहीच. अ‍ॅलिस सावकाश सांगत जाते आणि विचारल्याबद्दल तिचे आभार मानते.