अकराशे वर्षांपलीकडची सासुरवाडी

शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेल्या निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीत एक खट्याळ तपशील आहे. शंभर वर्षांची झोप सरते, राजकन्या जागी होते, आणि राजपुत्राच्या लक्षात येतं की हिचे कपडे आपल्या आजीच्या काळातले आहेत, उंच गळपट्टीचे. पण तो ते बोलून दाखवत नाही. (बायकोच्या कपड्यांबद्दल कुठे गप्प बसावं हे कळलेला परीकथांतला बहुधा हा एकटाच.) पेरो मिस्कील हसून पुढे जातो. एकशे पंधरा वर्षांनी ग्रिम बंधूंनी हीच गोष्ट सांगितली तेव्हा चुंबन आलं आणि आजीचे कपडे गेले. ओठ टेकले, डोळे उघडले, लग्न लागलं, संपलं.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांची १९९९ सालची ‘एन्चांटमेंट’ ही कादंबरी राजपुत्रानं गिळलेल्या त्या वाक्यापासून सुरू होते, असं मला वाटतं. शंभर वर्षं म्हणजे फार काही नाही, आजीचे कपडे फार तर. पण मध्ये अकराशे वर्षं गेली असतील तर? जागी झालेली मुलगी कोणत्या भाषेत बोलेल? तिला नवरा म्हणून कसा माणूस अपेक्षित असेल? आणि तिला उठवणाऱ्या पोराचं घरी आधीच लग्न ठरलेलं असेल, तर?

गोष्ट थोडक्यात अशी. दहा वर्षांचा वान्या सोव्हिएत राजवटीतल्या किएव्हमधल्या एका प्राध्यापकाचा मुलगा. देश सोडायचा परवाना मिळावा म्हणून आईवडील आपलं यहुदीपण पुन्हा अंगावर घेतात आणि वान्याला एक दिवस कळतं की तो वान्या नसून इत्झाक आहे. परवान्याची वाट पाहत ते कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी एका नातेवाइकाच्या शेतावर राहतात. तिथल्या रानात त्याला एक मोकळी जागा दिसते, मधोमध झोपलेली एक तरुणी आणि भोवतीच्या पाचोळ्याखाली हलणारं काहीतरी. पोरगं घाबरून पळतं. पुढे अमेरिका, शिक्षण, धावण्याच्या शर्यती, रूथ नावाच्या मुलीशी वाङ्निश्चय. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास तो लोककथांवरच्या प्रबंधासाठी किएव्हला परततो, त्या रानात जातो, अस्वलाला चकवतो आणि तिचं चुंबन घेतो. ती जागी होते खरी. पण अस्वलापासून सुटका हवी असेल तर आता मला मागणी घाल, असं ती त्याला बजावते. तो घालतो. मग तिचा हात धरून तिच्या काळात उतरतो. ते साल नवव्या शतकाच्या अखेरचं आहे.

एवढं होईपर्यंत कादंबरीचा जेमतेम आरंभ झालेला असतो. वाचकांची भांडणंही इथूनच सुरू होतात. या पुस्तकावर जीव टाकणारे आणि ते अर्ध्यावर ठेवून देणारे अशा दोघांचीही मतं ऐकली, तर तक्रार साधारण एकाच गोष्टीभोवती फिरते: यात प्रेम कुठे आहे? राजकन्या कातेरिना या परक्या माणसाकडे तुच्छतेनं पाहते. इव्हान, म्हणजे आपला वान्याच, तिच्याकडे ‘मी कशात अडकलो’ अशा नजरेनं पाहतो. पुस्तकाचा बराच मोठा भाग संपेपर्यंत दोघांत धड गोड संभाषणसुद्धा नाही. प्रणयकथा म्हणून हातात घेतलेल्या माणसाची निराशा होणारच.

मला मात्र हा या पुस्तकाचा दोष वाटत नाही, हाच त्याचा रस वाटतो. चुंबन इथे कथेचं फळ नाही, कथेतली अडचण आहे. आधी शब्द दिला, मग लग्न लागलं, आणि माणूस कसा आहे ते त्यानंतर कळलं. हा क्रम अमेरिकी वाचकाला उलटा वाटतो. ज्यांच्या आजीनं आजोबांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, त्यांना तो उलटा का वाटावा? कार्ड यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच आपल्याकडची लग्नं नव्हती. तरीही ‘एन्चांटमेंट’ची वीण मराठी वाचकाला जास्त लवकर उमगेल, असं मला राहून राहून वाटतं. हिला प्रणयकथा म्हणण्यापेक्षा घरजावयाची आणि सुनेची कादंबरी म्हटलं, तर अर्ध्या तक्रारी आपोआप गळून पडतात.

घरजावयाचा भाग आधी घेऊ, कारण लेखकाची नजर तिथे सर्वांत तीक्ष्ण आहे. काळ ओलांडताना इव्हानच्या अंगावरचे कपडे राहत नाहीत. तो उघडा होऊन नवव्या शतकात पोचतो. एखाद्या विनोदी सिनेमानं इथे काय केलं असतं ते सांगायला नको. कार्ड वेगळंच करतात. इव्हान अंग झाकायला कातेरिनाचा वरचा अंगरखा घेतो आणि ती हादरते. त्याच्या नागडेपणानं नव्हे, बायकी वस्त्र अंगावर घेतल्यामुळे. तिच्या जगात उघडा पुरुष हे लाजिरवाणं असेल, पण समजण्यासारखं आहे. गुलाम उघडे असतातच. बाईचा कपडा घातलेला पुरुष मात्र मर्यादेबाहेरचा, जवळजवळ पापी. लाज म्हणजे काय याचं दोघांचं गणितच निरनिराळं आहे आणि हे त्यांना रानातून गावाकडे चालताना कळतं. प्रसंग हसवतो, आणि पुढे कितीतरी प्रकरणं तो अंगरखा इव्हानच्या पाठीमागे कुजबुजीसारखा फिरत राहतो. एका कपड्यातून दोन शतकांची नीती उभी करणं हे सोपं काम नाही.

सासुरवाडीला पोचल्यावर तर त्याची परीक्षाच. ताइना हे चिमुकलं राज्य, राजा मातफेई, त्याचे लढवय्ये. त्यांना हवा आहे तलवार पेलणारा जावई, आणि आलाय कोण? लांब पायांचा, सडपातळ, हात मऊ. घरी तो उत्तम धावपटू होता. इथे धावणं म्हणजे पळून जाण्याची विद्या. जन्मभर कमावलेलं शरीर एका रात्रीत हास्यास्पद ठरतं. आपल्या पुराणातली रेवतीची गोष्ट इथे मला आठवते. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगं लोटतात. ठरवलेले वर, त्यांची मुलं, नातवंडं, सगळे नाहीसे झालेले. शेवटी बलरामाशी लग्न ठरतं, पण जुन्या युगातली रेवती इतकी उंच की नांगरानं दाबून तिला बेताची करावी लागते. काळाचं अंतर शरीरात दिसतं ही कल्पना तिथेही आहे. आपल्या पुराणकाराला ते अंतर मिटवायला एक ओळ आणि एक नांगर पुरतो. कार्ड तो नांगर वापरायला नकार देतात. इव्हानला बेताचा करायला कुणी येत नाही. त्याला सराव करावा लागतो, अपमान गिळावे लागतात, बाप्तिस्मा घ्यावा लागतो. ज्या मुलाला देश सोडण्यासाठी यहुदी केलं, त्याला आता लग्नासाठी ख्रिस्ती व्हायचं आहे. या दुहेरी धर्मांतरात मूळचा काय उरतो, हा प्रश्न कादंबरी विचारते आणि फार खोलात न शिरता पुढे सरकते. इथे ती आणखी थांबायला हवी होती.

भाषेबद्दल चोखंदळ वाचक शंका घेतात. अकराशे वर्षांपूर्वीच्या मुलीशी हा बोलतो कसा? लेखकानं सोय केली आहे: वडिलांनी त्याला लहानपणापासून जुनी चर्च स्लाव्होनिक शिकवलेली असते. किरिल आणि मेथोडियस या भावांनी ८६३ च्या सुमारास स्लाव्हांसाठी लिपी घडवली आणि त्या भाषेत धर्मग्रंथ आणले. तेव्हा ताइनातल्या पाद्र्यांच्या दृष्टीनं ही विद्या अगदी ताजी आहे. पोथीतली भाषा येणं आणि चुलीपाशी बसून बोलता येणं यात केवढं अंतर असतं, ते संस्कृतचे पहिले वर्ग आठवणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल. इव्हान त्या मानानं फार लवकर सराईत होतो. पण मी ही सूट देतो, कारण त्या विद्येतून एक देखणा दुवा निघतो. प्रबंधाचा विषय लोककथा, गाठीशी अफानास्येव्हचे संग्रह आणि प्रॉपनं १९२८ साली मांडलेली कथेची रचना, आणि हा माणूस आता त्याच कथांच्या उगमापाशी उभा. तो सेर्गेई नावाच्या लेखनिकाकडून गोष्टी चामड्याच्या पानांवर लिहून घेतो, पुढे कुणाला तरी सापडाव्यात म्हणून. संशोधकच आपल्या पुराव्याचा जनक होतो. विद्यापीठात काही वर्षं काढलेल्या वाचकाला इथे जे हसू येतं, ते इतरांना येईलच असं नाही.

मग कथा उलटते. लग्न लागतं न लागतं तोच इव्हानच्या जिवावर बेततं आणि कातेरिना त्याला घेऊन त्याच्या काळात येते. आता अमेरिकेतल्या एका गावातल्या घरात राजकन्या सून म्हणून उभी आहे. अनेक वाचकांना हाच भाग सर्वांत आवडतो, माझंही मत तेच. राज्य चालवण्यासाठी वाढवलेली ही मुलगी परक्या घरात लाचार होत नाही, बघत राहते. आणि तिला सगळ्यांत आधी कळते ती सासू. इव्हानची आई एस्तर स्वयंपाकघरात वावरणारी, कमी बोलणारी बाई. मुलाचं रूथशी लग्न ठरलं तेव्हाच तिनं अडवलं होतं, तू आधीच कुणाचा तरी आहेस, म्हणून. मुलाला तो आईचा हट्ट वाटला होता. सुनेला मात्र लक्षात येतं की या बाईला विद्या अवगत आहे. प्राध्यापक नवऱ्याला आणि पदवीधर मुलाला इतकी वर्षं घरात राहून जे दिसलं नाही, ते ओळखायला तिला वेळ लागत नाही. दोन बायकांमधली ही ओळख कादंबरीतल्या कुठल्याही चुंबनापेक्षा जास्त भारलेली आहे. पुढची प्रीती याच घरात उगवते, आणि ती उगवते आदरातून: तिथे तो जसा उघडा पडला होता, तशी इथे ती अनभिज्ञ आहे आणि तो तिला हसत नाही. ताइनातल्या हशाचा वचपा काढायची संधी समोर असून त्यानं ती घेतली नाही, हे तिच्या ध्यानात येतं. मला तर या एका संयमातच पुस्तकातला सगळा शृंगार दिसतो.

आता बाबा यागा, या गोष्टीतली चेटकी. एके काळी मॉस्कोहून मराठीत छापून येणाऱ्या रशियन लोककथांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला तिची ओळख करून द्यायला नको. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली तिची झोपडी त्यांनी चित्रात पाहिलेली आहे. कार्ड यांनी काही प्रकरणं तिच्या मनातून सांगितली आहेत आणि ती धमाल आहेत. ती दुष्ट आहे, विनोदी आहे, म्हातारपणाला वैतागलेली आहे. इव्हान-कातेरिनाच्या मागावर ती विसाव्या शतकात येते आणि परत जाताना एक बोईंग ७४७ प्रवाशांसकट उचलून नेते. पायांवर उभं राहणारं घर ते हेच! या विमानावरून वाचकांची सरळ फाळणी आहे. काहींना ती कल्पनेची कमाल वाटते, काहींना सुंदर जरीवस्त्राला लावलेलं प्लॅस्टिकचं बटण. मी दुसऱ्या गटात होतो, हळूहळू पहिल्यात सरकलो आहे. लोककथेतल्या अद्भुत वस्तू म्हणजे कुणीतरी पाहिलेलं पण न समजलेलं काहीतरी असावं, हा विद्वानांचा आवडता तर्क आहे आणि लेखक त्याची टिंगल करतो आहे. शेवटी शेवटी येणारी बंदुकीची दारू आणि पेटत्या बाटल्या यांची लढाई मात्र मला यांत्रिक वाटली. पानं भराभर उलटली.

बाबा यागाला नुसती गंमत समजणारे वाचक एक गोष्ट दुर्लक्षितात. तीही बायको आहे. रानात राजकन्येची राखण करणारं ते अस्वल, ज्याचा एक डोळा इव्हानच्या दगडानं गेला, तो तिचा नवरा. हिवाळ्याचा हा देव तिनं मंत्रांच्या दाव्यानं आपल्याशी बांधून ठेवला आहे. म्हणजे कादंबरीत सक्तीची लग्नं दोन आहेत. एकात दोघंही अडकले आणि हळूहळू एकमेकांना मोकळं करत गेले. दुसऱ्यात एकीनं गाठ सैल होऊच दिली नाही. नायक-नायिकेच्या प्रेमाची चव नीट कळायची असेल तर चेटकीची प्रकरणं वगळून चालत नाही.

आणि रूथ. तिच्या बाबतीत वाचकांचा राग पूर्णपणे रास्त आहे. या मुलीचा दोष एवढाच की तिचं ज्या मुलाशी लग्न ठरलं, तो गोष्टीतला राजपुत्र निघाला. लेखक तिला उथळ करतो, मग चेटकीच्या हातचं बाहुलं करतो, म्हणजे तिला टाकताना आपल्याला टोचू नये. इतक्या समजूतदार पुस्तकात ही लबाडी डोळ्यांत भरते. पुरुष असे आणि बायका तशा, अशी निवेदकाची मधूनमधूनची प्रवचनंही खटकतात. त्यातच कार्ड यांची समलिंगी विवाहाला विरोध करणारी जाहीर भूमिका. २०१३ साली त्यांच्या ‘एंडर्स गेम’वरचा चित्रपट आला तेव्हा त्यावरून बहिष्काराची हाक दिली गेली. त्यामुळे त्यांचं कुठलंच पुस्तक घ्यायचं नाही असं ठरवलेले वाचक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नाही. मला एवढंच दिसतं की बाईचा अंगरखा घातला म्हणून पुरुषाची अब्रू जाते, त्या रीतीतली क्रूरता आणि हास्यास्पदता या माणसानं पानांमागून पानं दाखवली आहे. लेखक म्हणून त्याला जे दिसलं, ते नागरिक म्हणून त्याच्या उपयोगी पडलं नाही.

शेवट सोयीचा आहे, असं बरेच जण म्हणतात: दोघं दोन्ही काळांत ये-जा करत संसार करतात, कुणालाच आपलं माहेर कायमचं सोडावं लागत नाही. सोयीचा आहेच. पण सुनेनं सगळं सोडून यायचं किंवा जावयानं मान घालून राहायचं, या दोन पर्यायांपलीकडचा तिसरा पर्याय परीकथेनं आजवर कुणाला दिला होता? ती सोय मी आनंदानं घेतो; रूथलाही तिच्यातली थोडी मिळाली असती तर अधिक आनंदानं घेतली असती.