शेक्सपिअरची फुले आणि व्हिक्टोरियन चित्रफलक : एक चिकित्सा

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७-१९०१) इंग्लंडमध्ये वनस्पतीचित्रण शास्त्र, कला आणि सुसंस्कृत छंद या तिहींच्या सीमेवर उभे होते. त्यातूनच शेक्सपिअरच्या नाटकांतील फुलांना चित्ररूप देण्याची प्रथा रुजली. जेन एलिझाबेथ जिरो यांचे 'द फ्लॉवर्स ऑफ शेक्सपिअर' (१८४५) हे हाताने रंगवलेल्या शिळाछापांचे पुस्तक या प्रथेचे प्रारंभीचे उदाहरण होय. चित्र आणि त्यासोबत नाटकातील अवतरण अशी त्याची मांडणी आहे. पुढे बिटन येथील धर्मोपदेशक हेन्री एलाकोम यांनी १८७८ च्या ग्रंथात शेक्सपिअरच्या वनस्पतींची वर्णानुक्रमे नोंद केली. या प्रयत्नांमुळे नाटककाराचे निसर्गज्ञान प्रकाशात आले, हे मान्यच करावे लागेल. मात्र या व्यवहारात नाट्यार्थाचे काय झाले, हा प्रश्न उरतोच.

'हॅम्लेट'च्या चौथ्या अंकातील पाचवा प्रवेश या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वेडाच्या भरात ऑफेलिया रोझमेरी, पॅन्झी, बडीशेप, कोलंबाइन, सताप, डेझी यांची नावे घेत फुले वाटते. बडीशेप खुशामतीचे आणि कोलंबाइन व्यभिचाराचे चिन्ह मानले जाई. राजदरबारात उघड बोलता न येणारा आरोप ती फुलांच्या मिषाने करते. कोणते फूल कोणाच्या हाती जाते, हे संहिता बहुतांशी सांगत नाही. ते प्रयोगातच ठरते. म्हणजेच येथे फूल ही वस्तू नसून कृती आहे. चित्रफलकावर देणारी, घेणारा आणि त्यांच्यातील तणाव हे तिन्ही गळून पडतात. उरते ते केवळ सुंदर फूल.

व्हायोलेटच्या बाबतीत ही मर्यादा सर्वाधिक जाणवते. वडिलांच्या मृत्यूबरोबर ती फुले कोमेजली, असे ऑफेलिया सांगते. त्या फुलाचा अर्थ त्याच्या नसण्यात आहे आणि नसलेले फूल वनस्पतीचित्रकाराला काढता येत नाही. जॉन एव्हरेट मिले यांच्या 'ऑफेलिया' (१८५१-५२) या तैलचित्रातही तिच्या गळ्यात व्हायोलेटचीच माळ आहे. सरे परगण्यातील हॉग्जमिल नदीकाठी प्रत्यक्ष निरीक्षण करून मिले यांनी वनस्पती रंगवल्या. तरीही शेक्सपिअरला अभिप्रेत असलेल्या, ग्राम्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या जांभळ्या ऑर्किडच्या जागी लूसस्ट्राइफ आले. निरीक्षण अचूक असूनही नाट्यसंदर्भ निसटला.

यावरून असे म्हणता येईल की, या चित्रांचा दोष रेखाटनात नसून निवडीत आहे. त्यांनी ऑफेलियाची फुले जपली. तिचा आरोप मात्र जपला नाही. वर्गात ही चित्रे जरूर दाखवावीत. परंतु प्रवेशाचे वाचन त्याआधी व्हावे. अन्यथा दरबाराला जाब विचारणारी स्त्री विद्यार्थ्यांना केवळ फुलांत वाहून गेलेली सुंदर मुलगी वाटेल.