आमचा आणीबाणीचा चाकू

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. नाटकांची तर नाटक न बघताही लिहिता येतात म्हणे. पण चाकूचं परीक्षण माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. ही उणीव एका बी.कॉम. झालेल्या बँक कारकुनाने भरून काढावी असा योग होता. धारदार वस्तूंशी माझा संबंध म्हणजे कोऱ्या नोटेची कड. तीही बोट कापते, पण तिचं परीक्षण रिझर्व्ह बँक करते.

सुरुवात ३ जून २०२० ला झाली. त्या दिवशी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या बाजूने आत शिरलं आणि जाताजाता आमच्या डोलवीच्या घराचे चार पत्रे घेऊन गेलं. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. अंधारात मेणबत्ती शोधायला मेणबत्ती लागते, हा शोध मला तेव्हा लागला. सौ. म्हणाली, "अहो, एक बॅग भरूनच ठेवू या. अडीअडचणीची."

सौ. शाळेत शिकवते. त्यामुळे तिने आधी अभ्यासक्रम मिळवला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची यादी : बॅटरी, रेडिओ, औषधं, सुका खाऊ, पाणी, काडेपेटी, रोकड, आधार कार्ड, रेशन कार्ड, जाड दोर आणि चाकू. बाकी सगळं तिने दोन दिवसांत जमवलं. चाकू माझ्याकडे आला. आता गंमत पाहा. दोराला सरकारने 'जाड' असं विशेषण लावलं आहे. चाकूला काहीही नाही. केवढा, कसला, मिटणारा की न मिटणारा, काही नाही. ज्या गावात वर्षाला एक कोटी टन पोलाद काढायची ताकद असलेला कारखाना आहे, तिथल्या माणसाला तीन इंच पोलाद निवडता येऊ नये?

मी मुंबईला गेलो आणि फोर्टच्या फुटपाथवरून लाल चाकू घेतला. वर पांढरा क्रॉस. अस्सल नव्हे, हे विक्रेत्याने स्वतःच सांगितलं, म्हणून तो मला प्रामाणिक वाटला. साडेतीनशे रुपयांत अकरा हत्यारं! हत्यारी ३१ रुपये ८२ पैसे. कॉस्टिंगच्या पेपरात मला इतकं समाधान कधी मिळालं नव्हतं.

या लाल घराण्याचा मूळपुरुष स्वित्झर्लंडच्या इबाख गावचा कार्ल एल्सेनर. त्याने १८८४ साली कारखाना काढला. पुढे लष्कराला जो चाकू दिला त्यात पातं, टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि पेचकस होता. हा शिपायांचा. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू नोंदवला, त्यात एक लहान पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू वाढला. शिपाई आणि साहेब यांच्यात फरक तो बुचाचा. आमच्या बँकेत फार वेगळं नाही. माझ्या चाकूतही तो स्क्रू होता. आमच्या घरात बाटली म्हणजे कोकम सरबताची, आणि तिला पत्र्याचं झाकण.

चाकू बॅगेत ठेवायचा म्हणून आणला, पण तो राहिला माझ्या खिशात. पेन्सिलला टोक कर, पार्सलची सुतळी काप, सहकाऱ्यांना एकेक हत्यार उघडून दाखव. वर्षभर मी अकरा हत्यारांनिशी हिंडलो.

पुढच्या पावसाळ्यात अमावस्येचं उधाण आलं. आमच्याकडची खालची जमीन खाडीतून मिळवलेली, खारबंदिस्तीची. बांधाला उघाडी असतात. भरती आली की त्या मिटतात, म्हणून खाडीचं पाणी आत येत नाही. पण डोंगरावरून आलेल्या पावसालाही मग बाहेर जाता येत नाही. ओहोटीची वाट बघत ते गावात बसतं. त्या रात्री ते शेजारच्या काकींच्या गोठ्यात बसलं. तीन शेळ्या, एक करडू, सगळी नायलॉनच्या दोरीने खुंट्याला बांधलेली. ओली निरगाठ, वर प्रत्येक जनावर आपल्या बाजूने ओढतंय. ती गाठ देवालाही सुटली नसती. मी धावलो. खिशात चाकू होताच.

मिटणारा चाकू उघडायला पात्यावर एक नखाएवढी खाच असते. नखाएवढी म्हणजे, नख असलं तर. मी रविवारी नखं कापतो आणि तो सोमवार होता. बोटं ओली, पाणी मांडीपर्यंत. पहिल्यांदा उघडला तो बुचाचा स्क्रू. मग कात्री, बाहुलीचे केस कापावेत एवढी. मागून काकींचा आवाज आला, "बाला, त्यो कवा उघरायचा?" आणि त्यांचा कोयता माझ्या कानाजवळून गेला. तीन घाव, तीन शेळ्या. करडाची दोरी आखूड होती. ते वाचलं नाही.

काकी त्याबद्दल मला आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. म्हणून हे परीक्षण.

यानंतर मी चाकूंकडे खऱ्या समीक्षकाच्या नजरेने, म्हणजे संशयाने, पाहू लागलो. कोयता उत्तमच. पण तो बॅगेत ठेवला की बॅग उरत नाही. बँकेतल्या एकाने रामपुरी सुचवला. तो हिंदी सिनेमात फार बघतो. कायदा बाकी समंजस आहे : ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र ठरतो, घरची नि शेतीची अवजारं सोडून. म्हणजे काकींचा कोयता सुटला. पेणच्या शेतीच्या दुकानात कलमं बांधायचा चाकू मिळाला. धार अशी की आंब्याची काडी लोण्यासारखी कापली जाते. पण पातं साध्या पोलादाचं. आमच्या खाऱ्या हवेत आठवड्यात तांबडं झालं. लाकडी मुठीच्या चाकूचं दुसरंच दुखणं : मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आत आवळून धरते. नेमका पाऊस पडतो तेव्हा उघडायचा नाही, याला छत्री म्हणतात, चाकू नव्हे.

शेवटी एक गाळीव रत्न सापडलं. गंज न धरणारं तीन इंची पातं, अर्धी धार करवतीसारखी (नायलॉन दोरीवरून साधी धार घसरते, करवती धरते), पात्याला अंगठा टेकायला खुंटी, उघडल्यावर बोटांवर मिटू नये म्हणून खटका आणि चिखलात पडला तरी दिसावा म्हणून भगवी मूठ. शेपटीला भोक, त्यात दोरी ओवायची. माझं परीक्षण संपलं होतं. पाच तारे.

सौ.ने परीक्षा घ्यायची ठरवली. हात साबणाने ओले करायचे, डोळे मिटायचे आणि चाकू उघडायचा. मी पास. सौ. पास. मुलगा तर दोन सेकंदांत. मग ती म्हणाली, "आता आई."

आई पंचाहत्तरीची. अंगठ्याचा सांधा धरलेला. तिने खुंटीवर अंगठा ठेवला, दाबला, पुन्हा दाबला, आणि चाकू माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "दिवसा घरी कोण असतं रे?"

मी पेणला कॅशवर, सौ. शाळेत, मुलगा कॉलेजात. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर आला, जांभूळपाडा आणि नागोठण्यात हाहाकार झाला, तेव्हाही आई घरी एकटीच होती, मला नि बहिणीला माळ्यावर चढवत. चार महिने मी चाकू निवडत होतो तो माझ्या पराक्रमासाठी. ज्या बाईला तो खरोखर लागणार तिचा अंगठा मी विचारातच घेतला नव्हता.

आता बॅगेत जो आहे तो मिटतच नाही. भाजी चिरायचा, चार इंची, करवती धारेचा, पिवळ्या प्लास्टिक मुठीचा, बोहारणीच्या शेजारच्या भांडीवाल्याकडून पन्नास रुपयांना. म्यान आईने स्वतः केलं : जुन्या पाइपाचा चपटा केलेला तुकडा, वर सायकलची ट्यूब. ती एका हाताने ओढून काढते. बॅगही तिने माळ्यावरून खाली आणवली आणि दाराजवळच्या खुंटीला टांगली, तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर. माझं डोकं येताजाता तिला आपटतं.

भगवा चाकू मुलाने पळवला. लाल चाकू बँकेत माझ्या खणात असतो. त्यातल्या टोच्याने कागदांच्या पिना फार सुरेख निघतात. परवा काकी पासबुक भरायला आल्या होत्या. खण उघडा होता. त्यांनी चाकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शिक्का मार."

मी मारला.